धर्म आणि सक्ती

मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत गोव्याच्या इन्क्विझिशनविषयीं लेख कां असावा, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत सहज येईल. ख्रिस्ती पालक म्हणतील, "आपल्या घरचीं लक्तरें आपणच वेशीवर कां टांगावीं?" अन्यधर्मीय पालकांपैकीं कोणी म्हणतील, "जें सर्वांस ठाऊक आहे, तें आतां सांगून काय मोठेंसें केलें?" दोन्ही शंका आम्ही आदरानें ऐकून घेतों, तथापि आमचें मत असें आहे कीं, हा इतिहास मुलांस सांगितला पाहिजे, आणि तो ख्रिस्ती शिक्षकानें सांगितला पाहिजे. औरंगजेबानें १६७९ मध्यें बसविलेल्या जिझिया कराविषयीं आम्ही वर्गांत बोलतों. चोखोबांस पंढरीच्या देवळाबाहेर उभें राहावें लागलें, हेंही सांगतों. मग ज्या पानावर आमच्या धर्माचें नांव आहे, तें पान न उघडतां पुढें जाण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? असें गाळलेलें पान विद्यार्थ्यास पुढें बाहेर कोठें सांपडलें म्हणजे आम्हीं शिकविलेल्या बाकीच्या सर्व पानांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

प्रथम हकीकत पाहूं. इ. स. १५१० मध्यें आफोंसो द आल्बुकर्क यानें विजापूरच्या आदिलशहाकडून गोवें जिंकून घेतलें. आमच्या सोलापूरच्या किल्ल्यासाठीं जी आदिलशाही निजामशाहीशीं दीर्घकाळ भांडली, तीच ही आदिलशाही. आल्बुकर्कनें सतीची चाल बंद केली. एरव्हीं लोकांच्या जुन्या वहिवाटी त्यानें बहुतांशीं चालूं दिल्या. पण पुढील पिढीच्या राज्यकर्त्यांस एवढ्यानें समाधान वाटेना. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळें पाडण्यांत आलीं व १५६७ च्या सुमारास साष्टी महालांतील देवळांची तीच गत झाली. लोकांनीं आपले देव उचलले आणि नदीपलीकडे नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. त्या वेळीं फोंड्याचा तो मुलूख आदिलशाहींत होता. हिंदूंच्या देवांस ख्रिस्ती राजाच्या मुलखांतून निघून मुसलमान राजाच्या मुलखांत आश्रय मिळाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत ठेवावी. कारण एका धर्मावर जुलमाचा व दुसऱ्यावर दयेचा शिक्का मारून इतिहास लिहिण्याची जी घाई आपल्याकडे केली जाते, तीस ही एकच गोष्ट आळा घालील. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर असाच नार्व्यास गेला होता; त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्यें शिवाजी महाराजांनीं करविला.

देवळांमागून घरांची पाळी आली. १५५९ मध्यें पोर्तुगालच्या राजाच्या नांवानें असा हुकूम निघाला कीं, ज्या हिंदु मुलांस आईबाप अथवा आजाआजी नाहींत, तीं जेजुइट पाद्र्यांच्या संत पावलाच्या विद्यालयाच्या स्वाधीन करावीं आणि त्यांस बाप्तिस्मा देऊन वाढवावें. पुढें या हुकुमाचा अर्थ असा ताणण्यांत आला कीं, बाप मेला व आई जिवंत आहे, अशा मुलासही पोरकें समजावें. ज्या घरांत कर्ता पुरुष गेला, त्या घरांतील विधवा आईनें पतीचा शोक करावा कीं मूल लपवावें, याची कल्पना आमच्या पालकभगिनींनींच करावी. पुष्कळ कुटुंबें रातोरात शेजारच्या मुलखांत निघून गेलीं. हुकूम काढणारांच्या मनांत वाईट हेतु होता, असें आम्हांस म्हणतां येत नाहीं; त्या मुलांच्या आत्म्याचें कल्याण होत आहे, असेंच त्यांस मनापासून वाटत होतें. म्हणूनच ही गोष्ट अधिक भयंकर आहे. स्वार्थी माणसाचा जुलूम त्याचा स्वार्थ साधल्यावर थांबतो. परंतु दुसऱ्याचें कल्याण मीच जाणतों, असें मानणाराच्या जुलमास थांबण्याचें ठिकाणच नसतें.

येथें आपण क्षणभर युरोपाकडे वळूं. कारण त्याच शतकांत तेथें नेमक्या ह्याच प्रश्नावर, म्हणजे बालकाच्या बाप्तिस्म्यावर, रक्त सांडत होतें. स्वित्झर्लंडांतील झुरिच शहरीं उल्रिक झ्विंग्ली यानें धर्मसुधारणा चालविली होती. त्याच्याच शिष्यांपैकीं कांहीं तरुणांनीं असा विचार मांडला कीं, अजाण बालकास दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे. ज्यास समजतें व जो स्वतः मागतो, त्यासच तो द्यावा. २१ जानेवारी १५२५ रोजीं त्यांनीं परस्परांस पुन्हां बाप्तिस्मा दिला. त्यावरून शत्रूंनीं त्यांस अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुनर्बाप्तिस्मावादी, असें नांव ठेविलें. आज हा वाद आपणांस लहानसा वाटेल. पण त्या काळीं बाप्तिस्म्याची नोंद हीच नागरिकत्वाची नोंद होती. मुलास बाप्तिस्मा न देणें म्हणजे नगराच्या कायद्यास न जुमानणें, असें नगरसभेनें ठरविलें. ५ जानेवारी १५२७ रोजीं फेलिक्स मान्झ नांवाच्या विद्वान तरुणास हातपाय बांधून लिम्मात नदींत बुडविण्यांत आलें. पाण्यानें पाप केलें, म्हणून पाण्यानेंच शिक्षा, अशी त्यांत क्रूर थट्टा होती. ही शिक्षा पोपच्या अधिकाऱ्यांनीं दिली नव्हती. नुकतीच पोपची सत्ता झुगारून देणाऱ्या सुधारकांच्या नगरसभेनें ती दिली होती.

१५२९ मध्यें श्पायर येथें साम्राज्यसभा भरली. सद्‌सद्विवेकबुद्धीच्या बाबतींत बहुमताची सक्ती चालणार नाहीं, असा निषेध लूथरच्या पक्षाच्या राजांनीं त्या सभेंत नोंदविला, आणि त्या निषेधावरूनच आम्हां लोकांस प्रॉटेस्टंट हें नांव पडलें. आम्ही तें अभिमानानें मिरवितों. परंतु त्याच सभेनें, त्याच आठवड्यांत, पुनर्बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीपुरुषास देहान्त शिक्षा द्यावी, असा कायदा केला, आणि त्याला दोन्ही पक्षांची संमति होती. स्वतःच्या विवेकासाठीं भांडणारांस दुसऱ्याच्या विवेकाची किंमत कळली नाहीं. त्या शतकांत या पंथाचे सुमारें २,००० ते २,५०० लोक धर्मासाठीं मारले गेले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

त्यांतील एकाची गोष्ट आमच्या लहान विद्यार्थ्यांसाठीं सांगतों. १५६९ सालीं हॉलंडांतील आस्पेरेन गांवीं डर्क विलेम्स नांवाचा असा एक बंदी तुरुंगांतून निसटला. पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्यावरचें बर्फ फुटून आंत पडला व बुडूं लागला. डर्क मागें फिरला. त्यानें त्या शिपायास ओढून वर काढलें. शिपायाचा जीव वांचला आणि डर्क पुन्हां पकडला जाऊन जाळला गेला. कायद्याच्या दृष्टीनें त्या दोघांत पाखंडी कोण होता, हें स्पष्ट आहे. ख्रिस्ताची शिकवण कोणास कळली होती, हेंही तितकेंच स्पष्ट आहे.

तथापि छळ सोसणारे सर्वच साधु असतात, असें मानूं नये. १५३४ मध्यें म्युन्स्टर शहर ह्याच पंथांतील कांहीं लोकांच्या हातीं लागलें, तेव्हां त्यांनीं बाप्तिस्मा न घेणारांस शहराबाहेर हांकलून दिलें, विरोध करणारांस ठार केलें आणि देवाचें राज्य म्हणून बेबंदशाही चालविली. १५३५ मध्यें शहर पडल्यावर त्यांचाही तसाच क्रूरपणें सूड घेण्यांत आला. पुढें मेन्नो सिमन्स यानें उरलेल्यांस शस्त्र न धरण्याची शिकवण दिली. त्याचे अनुयायी मेनोनाइट म्हणून ओळखले जातात. त्यांचेच मिशनरी १८९९ मध्यें जुन्या मध्यप्रांतांतील धमतरी येथें आले आणि दुष्काळानें पोरक्या झालेल्या मुलांत त्यांनीं काम सुरू केलें. सत्ता हातीं येतांच गांजलेला मनुष्य गांजणारा कसा होतो, आणि त्याच पंथांतून सत्तेचा मोह सोडणारी माणसें कशीं निघतात, हे दोन्ही धडे एकाच इतिहासांत आहेत.

आतां पुन्हां गोव्याकडे येऊं. ज्यांच्या शवाच्या दर्शनास लाखों लोक जुन्या गोव्यास जातात, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनींच १५४६ मध्यें पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायासनाची, मागणी केली होती. ते १५५२ मध्यें वारले व न्यायासन १५६० मध्यें स्थापन झालें. त्याची कचेरी आदिलशहाच्या जुन्या वाड्यांत होती. लोक त्यास नुसतें "व्हडलें घर", म्हणजे मोठें घर, म्हणत. ज्या वास्तूचें खरें नांव उच्चारण्याचें लोक टाळतात, तेथें काय चालत असेल, हें निराळें सांगावयास नको.

या न्यायासनाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कोणीही कोणाविरुद्ध गुप्तपणें तक्रार करावी. तक्रार करणाराचें नांव आरोपीस कधींच कळूं नये. इतकेंच नव्हे, तर आरोप कोणता हेंही त्यास स्पष्ट सांगूं नये. "तुझें पाप तूंच आठव आणि कबूल कर," एवढेंच म्हणावें. अटक होतांच मालमत्तेवर जप्ती यावी. कबुलीसाठीं यातना द्याव्या. सुटका झालीच, तर आंत काय घडलें हें कोणास न सांगण्याची शपथ घ्यावी. शिक्षा सांगण्याचा सार्वजनिक सोहळा होई, त्यास "आउतो-दा-फे", म्हणजे श्रद्धेचें कृत्य, असें नांव होतें. अपराध्यांस विशिष्ट झगे घालून अनवाणी मिरवीत नेत. ज्यांस मरणाची शिक्षा द्यावयाची, त्यांस धर्माधिकारी स्वतः मारीत नसत. धर्मसत्तेनें रक्त सांडूं नये म्हणून ते त्यांस राजसत्तेच्या हवालीं करीत. राजसत्तेचे अधिकारी म्हणत, निकाल धर्मासनाचा आहे. धर्मासन म्हणे, शिक्षा राजसत्तेनें दिली. अशा रीतीनें मनुष्य जळे, आणि कोणाच्याच हातास डाग लागत नसे! विद्यार्थिमित्रहो, ज्या व्यवस्थेंत प्रत्येक जण "मी फक्त माझें काम केलें" असें म्हणूं शकतो, त्या व्यवस्थेपासून सावध राहा. ती धर्माची असो, सरकारची असो वा एखाद्या जमावाची असो.

फ्रेंच वैद्य देलाँ हा स्वतः कॅथॉलिक होता. बाप्तिस्मा आणि मूर्तिपूजा यांविषयीं तो सहज बोलतांना जें कांहीं बोलून गेला, तेवढ्यावरून त्यास १६७३ मध्यें दमण येथें पकडण्यांत आलें व पुढच्या वर्षीं गोव्यास आणण्यांत आलें. कोठडींतील एकान्तामुळें त्यानें आत्महत्येचाही प्रयत्न केला. जानेवारी १६७६ मधील सोहळ्यांत त्यास पांच वर्षें गलबतावर सक्तमजुरीची शिक्षा सांगण्यांत आली. १६७७ मध्यें त्याची सुटका झाली आणि १६८७ मध्यें त्यानें आपली हकीकत छापून प्रसिद्ध केली. गुप्ततेच्या शपथेचा भंग करून लिहिलेल्या त्या एका पुस्तकानें जें जगास कळलें, तें शपथ पाळणाऱ्या हजारों तोंडांनीं कधींच कळलें नसतें.

दुसरें नांव गार्सिया द ओर्ता याचें. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचा वैद्य म्हणून मोठा मान होता. येथील वैद्यांकडून व हकिमांकडून माहिती मिळवून त्यानें हिंदुस्थानांतील वनस्पति व औषधी यांवर संवादरूपानें ग्रंथ लिहिला. तो १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्याचें घराणें मूळचें यहुदी. त्याच्या आईबापांच्या पिढीस स्पेन व पोर्तुगाल येथें सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें होतें. ओर्ता १५६८ मध्यें वारला. दुसऱ्याच वर्षीं त्याची बहीण कातारीना हिला, गुप्तपणें यहुदी धर्म पाळते म्हणून, जाळण्यांत आलें. आणि १५८० मध्यें खुद्द ओर्ताचीं हाडें थडग्यांतून उकरून जाळण्यांत आलीं. ज्यानें जिवंतपणीं रोग्यांस बरें केलें, त्याच्या अस्थींसही बारा वर्षांनंतर शांति मिळूं नये! आज पणजी शहरांतील एका बागेस त्याचें नांव आहे, ही कालाची परतफेड म्हणावी.

ओर्ताच्या घराण्याच्या या गोष्टींत सक्तीचा सारा फोलपणा दिसून येतो. सक्तीनें बाप्तिस्मा दिला म्हणजे मनुष्य बाहेरून एक व आंतून दुसरा असा होतो. मग तो ढोंगी आहे असा संशय येतो. मग ढोंग शोधण्यासाठीं हेर लागतात, कोठड्या लागतात, जल्लाद लागतात. आपणच ढोंग निर्माण करावयाचें आणि आपणच त्यासाठीं शिक्षा द्यावयाची, असें हें चक्र आहे. गोव्यांतील हिंदूंमधून ख्रिस्ती झालेल्यांच्या वांट्यास हेंच आलें. १७३६ मध्यें इन्क्विझिशननें काढलेल्या जाहीरनाम्यांत लग्नांतील ओव्या, विडासुपारी, दारांतील तुळस, पुरुषांचें धोतर, स्त्रियांची चोळी, एवढेंच काय पण मीठ न घालतां शिजविलेला भात, यांवरही बंदी घालण्यांत आली. देवाचें राज्य भाताच्या हंडींत शोधूं लागलेल्या धर्मसत्तेस आत्म्याची ओळख राहिली नव्हती, हेंच यावरून दिसतें. तत्पूर्वीं १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें असा हुकूम काढला होता कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलूं लागावें. ज्या साष्टींत फादर स्टीफन्स यांचें मराठी ओवीबद्ध "क्रिस्तपुराण" १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें, त्याच भूमींत सत्तर वर्षें लोटण्यापूर्वीं ही पाळी आली. स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. इंग्लंडांत त्या काळीं प्रॉटेस्टंट राजसत्ता कॅथॉलिकांचा छळ करीत होती, म्हणून ते मायदेश सोडून बाहेर पडले व १५७९ मध्यें गोव्यास आले. म्हणजे एका किनाऱ्यावर जे पाखंडी, तेच दुसऱ्या किनाऱ्यावर सत्ताधारी धर्माचे! सत्य समुद्र ओलांडतांना बदलत नाहीं. बदलते ती तलवार धरणाराची मूठ.

ह्या न्यायासनाच्या हाताखालीं मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेले लोकच येत, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. हिंदूंवर धर्मप्रसारास अडथळा आणल्याच्या व इतर आरोपांवरून खटले होत. परंतु कोठड्या मुख्यतः भरल्या त्या देशी ख्रिस्ती लोकांनीं. म्हणून आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांकडे बोट दाखवून "तुमच्या लोकांनीं हें केलें" असें म्हणणें अन्यायाचें आहे. त्यांचे पूर्वज बहुधा त्या वाड्याच्या आंतल्या बाजूस होते. फार दूर न जातां केरळाचें उदाहरण घ्या. तेथील सुरियानी ख्रिस्ती मंडळी पोर्तुगीजांच्या कितीतरी शतकें आधींपासून ख्रिस्ती. परंतु त्यांची उपासना रोमच्या पद्धतीची नव्हती, एवढ्यासाठीं गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनीं १५९९ मध्यें उदयंपेरूर येथें धर्मसभा भरवून त्यांचे सुरियानी ग्रंथ तपासण्याचा व जाळण्याचा हुकूम केला. अखेर ३ जानेवारी १६५३ रोजीं मट्टांचेरी येथें हजारों लोकांनीं क्रूसास साक्षी ठेवून जेजुइटांची सत्ता न मानण्याची शपथ घेतली. सक्तीनें ऐक्य साधूं पाहणारांनीं एका मंडळीचीं दोन शकलें करून ठेवलीं.

गोव्याचें न्यायासन १७७४ मध्यें पोर्तुगालचा प्रधान पोंबाल यानें बंद केलें. तो अधिकारावरून जातांच तें पुन्हां सुरू झालें आणि १८१२ मध्यें कायमचें मिटलें. त्याचें बहुतेक दप्तर नंतर नष्ट करण्यांत आलें. उपलब्ध याद्यांवरून १५६१ ते १७७४ या काळांत सुमारें १६,००० खटले चालले असें दिसतें. प्रत्यक्ष जाळलेल्यांची ज्ञात संख्या मात्र शंभराच्या आंत आहे. कांहीं लेखक जाळलेल्यांची संख्या हजारोंनीं फुगवून सांगतात, तर कांहीं ही लहान संख्या दाखवून "फारसें कांहीं झालेंच नाहीं" असें भासवितात. दोघांचेंही चुकतें. वाढवून सांगितलेल्या गोष्टीमुळें खऱ्या पीडितांचा कैवार दुबळा होतो. आणि ज्या घरांतला मनुष्य रात्रीं उचलून नेला, ज्याची जमीन जप्त झाली, ज्याच्या शेजाऱ्यास शेजाऱ्याची भीति वाटूं लागली, त्याचें दुःख जाळलेल्यांच्या यादींत कोठें मोजलें जाणार?

"काळच तसा होता, त्यांस दोष देऊं नये," असें एक समाधान नेहमीं सांगितलें जातें. आम्हांस तें मान्य नाहीं. त्याच काळीं ह्याच्या उलट सांगणारीं माणसें होतीं. बाल्थाझार हुबमायर या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंडितानें १५२४ मध्येंच लिहिलें होतें कीं, गव्हांतील निदण कापणीपर्यंत राहूं द्यावें असें खुद्द प्रभूनें दृष्टान्तांत सांगितलें असतां पाखंड्यांस जाळणारेच ख्रिस्ताविरुद्ध वागतात. १५२८ मध्यें त्यास व्हिएन्ना येथें जाळण्यांत आलें व तीन दिवसांनीं त्याच्या पत्नीस डॅन्यूब नदींत बुडविण्यांत आलें. १५५३ मध्यें जिनिव्हा येथें कॅल्व्हिनच्या संमतीनें सर्व्हेटस यास जाळलें, तेव्हां सेबास्टियन कॅस्टेलियो या शिक्षकानें दुसऱ्याच वर्षीं त्याविरुद्ध पुस्तक काढलें. शिक्षक या नात्यानें आम्हांस त्याचा विशेष अभिमान वाटतो. आपल्याकडेही पाहा: १६६४ मध्यें शिवाजी महाराजांनीं सुरत लुटली, तेव्हां फादर आंब्रोझ या कापुचिन पाद्र्याच्या घरास धक्का लागूं दिला नाहीं, असें फ्रेंच प्रवासी बर्निए यानें नमूद केलें आहे. तेव्हां ज्ञान नव्हतें असें नाहीं; ज्ञान होतें, पण सत्तेस तें नको होतें.

इतकें लिहिल्यावर आपल्या समाजाकडे डोळेझांक केली तर हा लेख अपुरा राहील. चोखोबांचें मंगळवेढें आमच्याच जिल्ह्यांत आहे आणि पंढरपूरही आमच्याच जिल्ह्यांत आहे. विठ्ठलमंदिराचीं दारें हरिजनांस उघडावीं म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणास लावून उपोषण करावें लागलें, तेव्हां तीं उघडलीं. धर्म बदलणारास वारसाहक्क गमवावा लागूं नये, यासाठीं १८५० मध्यें कायदा करावा लागला. १८४३ मध्यें मुंबईस नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले. त्यांचा सुमारें बारा वर्षांचा भाऊ श्रीपत मिशनच्या घरीं राहिला होता. न्यायालयानें त्यास वडिलांच्या स्वाधीन केलें. आमच्या मतें न्यायालयानें योग्यच केलें. अज्ञान मुलाच्या बाबतींत १५५९ चा हुकूम जें विसरला होता, तें त्या न्यायालयानें ध्यानांत ठेविलें. परंतु मुलगा घरीं आल्यावर त्यानें पाद्र्याकडे अन्न घेतलें म्हणून त्यास जातींत घ्यावें कीं नाहीं, यावरून केवढें वादळ उठलें! "दर्पण"कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्या मुलाची बाजू घेतली आणि स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. मिशनचे विरोधक असूनही मुलाच्या बाजूनें उभे राहिलेल्या बाळशास्त्र्यांस आम्ही धर्मस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांत गणतों.

अलीकडे जुन्या अपराधांबद्दल क्षमा मागण्याची चाल पडत आहे. २००० मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं सत्याच्या नांवानें झालेल्या जुलमाबद्दल क्षमायाचना केली. २००४ मध्यें झुरिचच्या चर्चनें लिम्मातच्या तीरावर मान्झच्या स्मरणार्थ शिला बसविली. २०१० मध्यें लूथरन मंडळ्यांच्या जागतिक संघानें मेनोनाइटांची क्षमा मागितली. मेलेल्यांस याचा काय उपयोग, असें कोणी विचारील. मेलेल्यांस उपयोग नाहीं, हें खरें. उपयोग आहे तो पुढच्या पिढीस. आपल्या वडिलांचा अपराध ज्यास मोकळेपणानें सांगतां येतो, त्यास स्वतःचा अपराध करतांना हात थोडा तरी अडखळतो.

आमच्या शाळेच्या बांकांवर हिंदु, मुसलमान, लिंगायत, जैन, बौद्ध, ख्रिस्ती अशीं सर्व मुलें शेजारीशेजारी बसतात. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमानें प्रत्येकास विवेकस्वातंत्र्य दिलें आहे; आणि २८ वें कलम सांगतें कीं, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास त्याच्या, व तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास वा उपासनेस बसवितां येणार नाहीं. कांहींस हें कलम मिशनच्या शाळांवरील बंधन वाटतें. आम्हांस तें आमच्या धर्माचें रक्षण करणारें वाटतें. ज्यास "नाहीं" म्हणण्याची मुभा आहे, त्याच्याच "होय" या शब्दास देवापुढें कांहीं किंमत असेल.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आपला धर्म मुलांस अवश्य शिकवा, पण दुसऱ्याच्या धर्माची कुचेष्टा करून शिकवूं नका. आणि मूल प्रश्न विचारील तर त्यास पाखंडी ठरवूं नका. विद्यार्थ्यांस सांगणें असें कीं, तुमच्यापैकीं एखाद्याच्या डब्याची, कपाळावरच्या खुणेची, गळ्यांतल्या क्रूसाची किंवा डोक्यावरच्या टोपीची कोणी थट्टा करूं लागला, तर हंसणारांत सामील होऊं नका. इन्क्विझिशन एकाच दिवशीं उभें राहिलें नाहीं. तें उभें राहण्यापूर्वीं पुष्कळ वर्षें पुष्कळ भलीं माणसें नुसतीं गप्प बसलीं होतीं. तुम्ही गप्प बसूं नका.